परीक्षा देणारे, घेणारे आणि लिहिणारे

वाचकाचं पत्र

‘मी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत 28 वर्षं इंग्रजी शिकवते आहे. मुलगी मेलबर्नला असते, मुलगा न्यू जर्सीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर दोन्हीकडची नातवंडं एकदम भेटतात. परवा मी म्हणाले, “आय विल टेक बाथ अँड कॉल यू.” मेलबर्नची नात म्हणाली, “आजी, हॅव अ बाथ म्हणतात.” न्यू जर्सीचा नातू म्हणाला, “नाही, टेक अ बाथ.” दोघांचं जुंपलं. ते हसण्यावारी गेलं. पण महिन्याभरापूर्वी एका प्रशिक्षणात साधनव्यक्तीनं माझ्या वर्कशीटवरच्या “द स्टुडंट्स गेव्ह द एक्झाम” या वाक्यावर सगळ्यांसमोर लाल फुली मारली आणि “हे मराठीतलं इंग्रजी आहे” असं सांगितलं. तेव्हापासून ते मनाला लागून राहिलं आहे. पुढच्या मे महिन्यात मी निवृत्त होते. इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवलं का मी? यातलं नेमकं बरोबर कुठलं? सोबत वर्कशीट जोडली आहे.’
— सु., जि. कोल्हापूर

प्रिय ताई,

आधी उत्तर देते, मग कारणं. तुम्ही मुलांना चुकीचं शिकवलेलं नाही. वर्कशीटवरची आठही वाक्यं मी नीट वाचली. एक वाक्य बदलावं लागेल, एकात एक बारीकसा शब्द घालावा लागेल आणि दोन वाक्यांशेजारी समासात टीप लिहावी लागेल. बाकीची आहेत तशी राहू द्या. ‘गेव्ह द एक्झाम’वरची फुली मला मान्य नाही. ती सगळ्यांसमोर मारली गेली हे तर अजिबातच मान्य नाही. 28 वर्षं शिकवणाऱ्या बाईंना काही सांगायचं असेल तर चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगता येतं.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. तुम्ही लिहिलंय, ‘फुली मारली’. लागलं कुणाला? आपण गप्पा मारतो, हाक मारतो, फेरी मारतो, उडी मारतो, झाडू मारतो, शिक्का मारतो, मिठी मारतो. यातल्या एकाही मारण्यात मार नाही. ‘लावणे’ तर त्याच्याही पुढचं. दिवा लाव म्हटलं की उजेड सुरू होतो आणि दार लाव म्हटलं की येणं-जाणं बंद होतं. पंखा लावला की फिरतो, फोन लावला की वाजतो, रांग लावली की माणसं उभी राहतात, आणि बोलणं मनाला लागलं की ते तिथंच राहतं. आपल्याला यात काही खटकत नाही, कारण आपण हे शब्द वेगवेगळे शिकलोच नाही. ‘हाक मारणे’ हा आपल्या लेखी एकच शब्द आहे.

अशा जोडीत अर्थाचं सगळं ओझं नामाच्या डोक्यावर असतं. क्रियापद नुसतं काळ, पुरुष आणि वचन सांभाळायला सोबत आलेलं असतं. डॅनिश भाषापंडित ओटो येस्पर्सन यांनी इंग्रजी व्याकरणावर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या 1942 साली निघालेल्या खंडात त्यांनी अशा क्रियापदांना ‘लाइट’ म्हटलं आणि पुढे ते नाव रूढ झालं. मी त्यांना हलकी क्रियापदं म्हणते. इंग्रजीत हॅव, टेक, गिव्ह, मेक, डू ही पाच त्यांत मुख्य. मराठीत करणे, घेणे, देणे, मारणे, काढणे, लावणे, येणे. फारसीत ‘मारणे’ या अर्थाचं ‘झदन’ क्रियापद बोलण्यालाही चालतं आणि फोन करण्यालाही. स्वाहिलीत ‘पिगा’ म्हणजे मारणे. तिथं फोनही मारतात, फोटोही मारतात आणि कपड्यांना इस्त्रीसुद्धा मारतात. इस्त्री तर आपणही मारतोच.

क्रियापद हलकं आहे, म्हणूनच ते गावागणिक बदलतं. नाम जागेवर राहतं, क्रियापद तिथल्या सवयीनं येतं. त्यामागे तर्क शोधायला गेलं की थोडा सापडतो आणि मग संपतो. तुमच्या नातवंडांचं भांडण नेमकं या जागेवरचं आहे.

दोघंही बरोबर आहेत, ताई. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये आंघोळीला, शॉवरला, नजर टाकण्याला बहुतकरून ‘हॅव’ लावतात: हॅव अ बाथ, हॅव अ शॉवर, हॅव अ लुक. अमेरिकेत तिथं ‘टेक’ येतं. पण नातवंडांना हा नियम पाठ करायला सांगू नका, कारण तो पुढच्याच वळणावर मोडतो. पाहुण्याला बसा म्हणताना अमेरिकन माणूस सर्रास ‘हॅव अ सीट’ म्हणतो, आणि ब्रिटिश माणसाच्या तोंडी ‘टेक अ सीट’ येतं. निर्णयाच्या बाबतीत अमेरिका ‘मेक अ डिसिजन’ म्हणते, तर ब्रिटनमध्ये मेक आणि टेक दोन्ही चालतात. आपण निर्णय घेतो, फ्रेंच माणूसही घेतो, जर्मन माणसाच्या भाषेत मात्र निर्णय ‘गाठला’ जातो. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये लोक हार्ट अटॅकसुद्धा ‘टेक’ करतात, ‘ही टुक अ हार्ट अटॅक’. लंडनच्या कानाला ते विचित्र वाटतं. आपल्याकडे तर झटका येतो. तो घ्यायचाही नसतो आणि करायचाही नसतो. तुमच्या मुख्याध्यापकांनी चौथ्या वाक्यात ‘टुक अ डिसिजन’ केलं आहे, ते तसंच राहू द्या. न्यू जर्सीच्या नातवाला खटकलं तर ब्रिटनमध्येही असं म्हणतात एवढं सांगा.

आणि आंघोळीचं काय? ‘मराठीतलं इंग्रजी’ हे स्पष्टीकरण या शब्दापाशी अडकतं. मराठीत आंघोळ घेत नाहीत, करतात. तुम्ही मराठीतून शब्दशः उचललं असतं तर तुमच्या तोंडून ‘डू बाथ’ आलं असतं. ते आलं नाही, ‘टेक’ आलं. म्हणजे हे ‘टेक’ तुमच्यापर्यंत शाळेतून, पुस्तकांतून, तुमच्या बाईंच्या बाईंकडून आलेलं आहे. भारतात इंग्रजी बोलणाऱ्यांच्या पिढ्या झाल्या. इथल्या इंग्रजीलाही आता स्वतःचं माहेर आहे. दर वेळी मराठीच्या अंगणात जाऊन चोर शोधायची गरज नाही.

नातीसाठी एक गोष्ट देऊन ठेवते, कारण ती तिच्याच देशातली आहे. पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत काम केलेल्या भाषाशास्त्रज्ञ आना विएझबित्स्का यांनी 1982 मध्ये एका लेखाच्या मथळ्यातच प्रश्न विचारला: ‘हॅव अ ड्रिंक’ म्हणता येतं, तर ‘हॅव अन ईट’ का म्हणता येत नाही? प्रश्न लहान मुलाचा वाटतो. पण त्यांनी तो धरून ठेवला आणि दाखवलं की या जोड्यांना स्वतःचा बारीक अर्थ असतो. ‘हॅव अ वॉक’मध्ये चालणं थोडा वेळ असतं, त्याला ठरलेलं ठिकाण नसतं, स्वतःला बरं वाटावं म्हणून ते असतं, आणि हवं तर पुन्हा करता येतं. टपालकचेरीत पाकीट टाकायला चालत गेलेला माणूस ‘हॅव अ वॉक’ करत नाही. हे वाचलं तेव्हा मला आपलं ‘जरा फेरी मारून येतो’ आठवलं. घरातले आजोबा संध्याकाळी असं म्हणून चपला घालतात तेव्हा ‘कुठे?’ असं कुणी विचारत नाही. ‘चालत जाऊन येतो’ म्हणाले असते तर विचारलं असतं. इतकी बारीक जाण दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेनं कमावली आहे. हे नातीला मराठीत सांगितलंत तरी तिला कळेल. तिच्याच घरातला दाखला आहे.

आता त्या लाल फुलीकडे येते. माझा जीव इथं अडकलाय.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि बोर्ड परीक्षा घेतं. हिंदीतही असंच. आपल्या डोळ्यांपुढचं चित्र असं की, मूल तीन तास बसून स्वतःजवळचं काही काढून देतं, आणि समोरचा ते घेतो, तोलतो. इंग्लंड-अमेरिकेत चित्र नेमकं उलटं आहे. तिथं शिक्षक टेस्ट ‘गिव्ह’ करतात, कारण कागद त्यांच्या हातून सुटतो, आणि मूल ती ‘टेक’ करतं. एकाच खोलीतला एकच प्रसंग, आपण उत्तरपत्रिकेच्या दिशेनं पाहतो, ते प्रश्नपत्रिकेच्या दिशेनं. दोन्ही नजरांत खोट नाही.

शिवाय इंग्रजी जगातही एकवाक्यता कुठे आहे? ब्रिटनमधली मुलं परीक्षेला ‘सिट’ करतात, बसतात. आपणही दहावीला बसतोच की. कॅनडात आणि दक्षिण आफ्रिकेत परीक्षा ‘राइट’ करतात. अमेरिकन माणसानं ते पहिल्यांदा ऐकलं तर त्याला वाटेल, हा विद्यार्थी प्रश्नपत्रिका काढतोय. आणि हे ‘राइट’ ऐकायला कॅनडापर्यंत जायला नको. तमिळ, तेलुगू, कन्नड या तिन्ही भाषांमध्ये परीक्षा ‘लिहितात’, म्हणून चेन्नई-बेंगळुरूचा विद्यार्थी ‘आय अ‍ॅम रायटिंग माय एक्झाम’ म्हणतो. तुमच्या गडहिंग्लजहून थोडं पूर्वेला, कर्नाटकातल्या संकेश्वरकडे गेलात की परीक्षा देणारी मुलं संपतात आणि परीक्षा लिहिणारी सुरू होतात. सीमाभागातल्या कितीतरी घरांत मोठा भाऊ देतो आणि धाकटी बहीण लिहिते.

कॅनडातल्या विद्यार्थ्याचं ‘राइट’ चालतं आणि आपल्याकडचं ‘गिव्ह’ लाल शाईत जातं, याला भाषेचं कारण नाही. कोणत्या बोलीला मान मिळतो आणि कोणतीला मिळत नाही, एवढाच तो फरक. कॅनडातल्या माणसाला कुणी ‘हे कॅनडातलं इंग्रजी आहे’ असं म्हटलं तर त्याला त्यात दोष ऐकू येणार नाही. आपल्याला ऐकू येतो. हे मला फार लागतं, ताई, आणि म्हणून हे पत्र मी इतकं लांबवते आहे.

तरीही समासातली टीप हवी, असं मी म्हटलं. त्याचं कारण मान-अपमानाचं नाही, गैरसमजाचं आहे. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा अमेरिकेतल्या एका ओळखीच्या प्राध्यापिकेला ईमेलमध्ये लिहिलं होतं की सोमवारी मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा ‘टेक’ करणार आहे, म्हणून पुढचा आठवडा गडबडीचा. तिनं मनापासून शुभेच्छा पाठवल्या आणि या वयात पुन्हा शिकायला घेतल्याबद्दल कौतुकही केलं. मी परीक्षा घेणार होते, तिनं ती द्यायला लावली. ‘टेक अ क्लास’चंही तसंच. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये शिक्षक वर्ग ‘टेक’ करतात. अमेरिकेत तो विद्यार्थी ‘टेक’ करतो. तुमचा मुलगा तिथल्या शेजाऱ्यांना ‘माझी आई रोज पाच क्लास टेक करते’ असं सांगत असेल, तर त्या शेजाऱ्यांच्या मनात तुमचं चित्र दप्तर घेतलेल्या बाईचं असणार.

म्हणून वर्गात दुसऱ्या वाक्याशेजारी एवढंच लिहा: ‘भारतात विद्यार्थी एक्झाम गिव्ह करतात. ब्रिटन-अमेरिकेत विद्यार्थी टेक करतात आणि गिव्ह करतात ते शिक्षक.’ दहावीतल्या मुलीला हे एक वाक्य पुरेल. ती उद्या पुण्यात राहिली तर पहिलं वापरेल, परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना दुसरं वापरेल. दोन्ही तिच्या खिशात असलेली बरी.

त्या मानानं ‘टेक रेस्ट’ वरवर साधं दिसतं. पाचव्या वाक्यात आजोबा जेवणानंतर ‘टुक रेस्ट’ करतात. ब्रिटिश माणूस तिथं ‘हॅड अ रेस्ट’ म्हणेल, अमेरिकन ‘टुक अ रेस्ट’. म्हणजे क्रियापदावर त्यांचं एकमत नाही, पण मधल्या ‘अ’वर आहे. आपल्याकडे तो ‘अ’ गळतो: टेक रेस्ट, टेक बाथ, हॅव लुक. मराठीत असला उपपद-प्रकारच नाही, त्यामुळे जिभेला तो नकोसा होतो. तो ‘अ’ फुकटचा नसतो. तो कृतीला सुरुवात आणि शेवट देतो. ‘एक’ चक्कर, ‘एक’ डुलकी. आपणही ‘एक डुलकी काढली’ म्हणतोच. पण ‘अ नसलेली जोडी म्हणजे चूक’ असा नियम करता येत नाही, कारण इंग्रजांनी स्वतःच टेक केअर, टेक पार्ट, टेक शेल्टर, मेक यूज, गिव्ह बर्थ अशा कितीतरी जोड्यांतून ‘अ’ वगळला आहे. 1611 साली इंग्लंडात छापलेल्या बायबलच्या भाषांतरात येशू शिष्यांना ‘टेक युअर रेस्ट’ म्हणतो. विश्रांतीला ‘टेक’ लावणं आपला शोध नव्हे.

परीक्षेत गुण जाऊ नयेत म्हणून मुलांना ‘अ’ घालायची सवय लावा. तुमच्या वाक्यातही घाला. बोलताना मात्र ‘टेक रेस्ट’ म्हणणाऱ्या आईला कुणी मध्येच अडवू नये.

यातला आणखी एक धागा थेट तुमच्या जिल्ह्यापर्यंत येतो. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठानं 1961 साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून सुमारे दोन-दोन हजार शब्दांचे 500 नमुने घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह केला. ब्रिटिश इंग्रजीचा तसाच संग्रह लँकेस्टर, ऑस्लो आणि बर्गन इथल्या अभ्यासकांनी केला. मग भारतीय इंग्रजीचं काय? ते काम झालं कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात. प्रा. एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली 1978 साली भारतात छापलेल्या इंग्रजीतून त्याच मापाचे 500 नमुने, तेच दहा लाख शब्द. जगभरचे अभ्यासक त्याला आजही ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून ओळखतात. पुढे सिडनी ग्रीनबॉम यांच्या 1988 च्या प्रस्तावातून देशोदेशीच्या इंग्रजीचे, बोललेल्या आणि लिहिलेल्या, दहा-दहा लाख शब्दांचे संग्रह सुरू झाले. त्यातला भारताचा संग्रहही बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीच्या जोडीनं कोल्हापुरातच झाला. आता 2013 पासून वीस देशांमधलं जालावरचं इंग्रजी एकत्र करणारा 190 कोटी शब्दांचा संग्रह उपलब्ध आहे, आणि ‘टेक अ लुक’ कुठे जास्त, ‘हॅव अ लुक’ कुठे जास्त, हे कुणालाही शोधून पाहता येतं.

हे सगळं सांगण्यामागे हेतू आहे. या संग्रहांचं काम चुका गोळा करण्याचं नव्हतं. माणसं प्रत्यक्षात काय लिहितात-बोलतात त्याची ती नोंद आहे. 2011 मध्ये सेबास्टियन हॉफमन, मारियान हुंट आणि जॉयब्रतो मुखर्जी यांनी दक्षिण आशियातल्या वृत्तपत्रांमधली नेमकी ही हलकी क्रियापदं तपासली. त्यांचा प्रश्न असा होता: श्रीलंका, बांगलादेश, नेपाळ अशा शेजारी देशांच्या इंग्रजीसाठी भारतीय इंग्रजी हे नवं केंद्र ठरू पाहतंय का? एकेकाळी जे लंडनहून ठरत होतं ते आता दिल्ली-मुंबईहून ठरतंय का, असंच म्हणा ना. तुमच्या वर्कशीटवरच्या वाक्यांसारखी वाक्यं कुठे दिसतात ते पाहून असला प्रश्न विचारला जातो. त्यांच्यावर फुली मारून पुढे जायचं असतं असं नाही.

आठवं वाक्य, ‘मॅडम, आय हॅव अ डाउट’. शंका विचारायला आपल्या वर्गांत हेच म्हणतात आणि देशभर सगळ्यांना कळतं. पण मेलबर्नच्या वर्गात एखादी मुलगी हे बोलली, तर शिक्षकांना वाटेल तिचा त्यांच्या सांगण्यावर विश्वास नाही. मराठीत शंका आणि संशय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी ‘डाउट’ संशयाच्या अंगाला झुकतो. इथं क्रियापद निरुपद्रवी आहे, अडचण नामाची आहे, आणि नाम हलकं नसतं. त्यामुळे ही दुसरी टीप पहिलीपेक्षा महत्त्वाची: परदेशात ‘आय हॅव अ क्वेश्चन’.

राहिलं सातवं वाक्य. ‘राजू डिड अ मिस्टेक.’ हे मात्र बदला. मराठीतलं ‘करणे’ मेक आणि डू दोन्ही गिळून बसलं आहे. आपण चूकही करतो, गृहपाठही करतो, आवाजही करतो, पार्टीही करतो. इंग्रजीत चूक, आवाज आणि वचन ‘मेक’कडे गेले, गृहपाठ आणि भांडी ‘डू’कडे, पार्टी ‘हॅव’कडे. आपल्याकडचे जाणकार लिहिणारेही इथं ‘मेड अ मिस्टेक’ किंवा ‘कमिटेड अ मिस्टेक’ लिहितात. ‘गिव्ह द एक्झाम’ वर्तमानपत्रात भेटतं, शिक्षकांच्या तोंडी भेटतं, सुशिक्षित घरांत भेटतं. ‘डिड अ मिस्टेक’ ऐकू येतं खरं, पण नीट लिहायला बसलेला माणूस ते स्वतःच खोडतो. माझी कसोटी तीच आहे. इथलेच काळजीपूर्वक लिहिणारे लोक एखादी जोडी ठेवतात की खोडतात, ते बघायचं. लंडनला काय वाटेल हा प्रश्न त्यानंतरचा.

शिकवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सुचवते. नाम एकटं फळ्यावर लिहू नका. ‘मिस्टेक’ लिहायचा झाला तर ‘मेक अ मिस्टेक’ असा अख्खा लिहा, मुलांच्या वहीतही अख्खाच उतरवून घ्या. क्रियापद कोणतं हे विचार करून सापडत नाही, ते नामाबरोबरच पाठ व्हावं लागतं. ‘हाक’ शिकलेल्या मराठी मुलाला ‘मारणे’ वेगळं शिकवावं लागलं नाही, तसंच. आणि मुलांना कधी एक तास उलटा खेळ द्या: मराठी ‘काढणे’ घेऊन फोटो काढणे, पेपर काढणे, दिवस काढणे, माग काढणे, झोप काढणे, राग काढणे हे इंग्रजीत सांगायला सांगा. प्रत्येकाला वेगळं क्रियापद लागेल. फोटोसाठी तर भारतात ‘क्लिक’ही चालतं, आणि ब्रिटनमध्ये ते ऐकून लोक थबकतात. त्या एका तासात मुलांना जे कळेल ते नियमांच्या यादीतून कळणार नाही.

रविवारच्या कॉलवर नातीशी बोलताना ‘हॅव अ बाथ’ म्हणा, नातवाशी ‘टेक अ बाथ’. दोघं एकदम असतील तर मराठीत ‘आंघोळ करून येते’ म्हणा. दोघांनाही ते तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे.

वर्कशीट परत पाठवते आहे. सातव्या वाक्यात ‘डिड’ खोडून ‘मेड’ लिहिलंय, पाचव्यात ‘अ’ घातलाय, दुसऱ्या आणि आठव्याच्या समासात पेन्सिलीनं टिपा आहेत. दुसऱ्या वाक्यावरची लाल फुली मी व्हाइटनरनं झाकली. खालचं ‘गेव्ह’ स्पष्ट वाचता येतंय.

तुमची,
सदरलेखिका